तुम्ही विचारलंत म्हणून: हवामान बदलावर एकच उपाय

हवामान बदलावरचा नेमका एक उपाय सांगा, असा आग्रह मला अनेकदा होतो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयारच असते: झाडे लावा. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून आधी झाडांविषयीच लिहितो.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, यात वाद नाही. पण कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून होता आणि झाडातला कार्बन ते झाड उभे आहे तोवरच तिथे राहतो. पहिला मोकळा करून दुसऱ्याच्या भरवशावर हिशेब मिटवणे म्हणजे मुदत ठेव मोडून उसनवारीवर घर चालवणे आहे. 2021 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बूटलेग नावाचा वणवा भडकला, तेव्हा ज्या जंगलाच्या जोरावर कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनच्या नावावर प्रदूषण करणाऱ्यांना विकलेली प्रमाणपत्रे, विकली गेली होती, त्याचाही काही भाग जळाला. अशा नुकसानीसाठी काही क्रेडिट राखून ठेवलेली असतात हे खरे, पण वणवे वाढतच गेले तर ती पुरणार किती? शिवाय उत्तरेकडच्या हिमप्रदेशात गर्द झाडी उभी केली, तर ऊन परतवणारे बर्फ तिच्याखाली झाकले जाते आणि गारव्याऐवजी उष्णताच वाढू शकते. वृक्षारोपणाच्या भाषणांत हे सहसा येत नाही.

यंत्रांवर विसंबणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. आइसलँडमध्ये 2021 साली सुरू झालेल्या ओर्का प्रकल्पाची हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढण्याची घोषित क्षमता वर्षाला सुमारे 4,000 टन होती; जीवाश्म इंधने जाळून जग तेवढा वायू जेमतेम चार सेकंदांत सोडते. असे प्रकल्प करूच नयेत, असे मी म्हणत नाही. मला खटकते ते हे, की अर्धे खरे उत्तर हाती आले की धुराड्यांचा विषय पुढे ढकलायला सबब मिळते. ‘आता काहीच होणार नाही’ हेही तसेच सोयीचे उत्तर आहे, फक्त तोंड लांब करून दिलेले.

तरीही कोणी हटूनच बसले, तर मी कोळसा जाळणे थांबवा, असे सांगतो, कारण ऊर्जेसाठी जाळल्या जाणाऱ्या इंधनांत कार्बन डायऑक्साइडचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. मात्र वीजकेंद्र बंद झाल्यावर रात्रीची वीज कुठून येणार, वाहिन्यांचे जाळे कोणाच्या खर्चाने वाढणार आणि खाणीवर पोट असलेल्या कुटुंबांनी काय करायचे, हे प्रश्न वगळून ते उत्तर मी देत नाही.