इथं काय कमी आहे, म्हणून आफ्रिकेतल्या चाड देशात चाललीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला साक्रीच्या एसटी स्टँडवर विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि उपासना सुटल्यावर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारात तर दर रविवारी ठरलेला. मावशी अहिराणीत विचारते, "आठे काय कमी शे, ते तू तठे जाई राह्यनी?" पाळकसाहेब तोच प्रश्न शास्त्रातून विचारतात: आधी यरुशलेम, मग यहूदीया, मग शोमरोन, नंदुरबार जिल्हा हेच तुझं यरुशलेम नाही का? आमचे एक शेजारी काका मंडळीतले नाहीत, पण माझ्यावर जीव आहे त्यांचा. ते म्हण टाकून मोकळे होतात: घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

कमी काहीच नाही. काम तर उरून उरलंय. मी लॅब टेक्निशियन आहे, मिशन हॉस्पिटलमध्ये, नवापूरच्या बाजूला. सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, सगळं तपासणीकाम माझ्या टेबलावर येतं. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तर विचारता.

आधी सोपे प्रश्न उरकते. लग्न: नाही, आणि तो विषय घरी नानांनीच बंद केलाय. धर्मांतर करायला चाललीस का: रक्त तपासायला चाललेय, कोण आहेस कुठली आहेस असं कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही, एवढंच. इथं तरी वेगळं काय करते? पगार डॉलरमध्ये ना: या प्रश्नाला मात्र हसू येतं. पैसा तिकडून इकडं येत नाहीये, इकडून तिकडं जायचाय, आणि तेच महाकठीण. आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टनं देशाबाहेर खर्च केला की आयकराची सूट अडचणीत येते, त्यामुळं आमच्या संस्थेचे सीए डोकं धरून बसलेत. खर्चाला साक्री, पिंपळनेर, नवापूर भागातल्या मंडळ्यांची पाकिटं आहेत. कुणाचं दोनशे, कुणाचं पन्नास. मिझोरममध्ये बायका १९१० पासून स्वयंपाकाच्या तांदळातला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, त्यावर त्यांची माणसं लांब लांब सेवेला गेली. आमच्याकडे तेवढी शिस्त नाही, पण पाकीट येतं.

आता मूळ प्रश्न. सुरुवातीला माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं, स्लाइडसकट. जगात सिकलसेल घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळं सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात. आपल्याकडे निदान सरकारनं १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आदिवासी पट्ट्यातल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं, गावोगाव शिबिरं होतात. तिकडं तेवढं नाही. म्हणून तिकडं. बोलून झालं की लोक माना डोलवायचे, मीही स्वतःवर खूश.

त्या वेळची मी आज समोर आली तर तिला विचारीन, बाई, आकडा बघून कुणी घर सोडतं का? तू आधी ठरवलंस आणि आकडे मागून शोधलेस. शिवाय शिबिरात किट पोचलं म्हणजे काम झालं, हे तू तरी म्हणू नयेस. पहिली चाचणी सोपी असते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. पण तो माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे स्वतः आजारी नाही पण पोरांना आजार देऊ शकतो, की रुग्ण, हे त्या नळीतून कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार पट्ट्यांनी वेगळे दाखवणारी चाचणी, लागतं आणि पट्टे वाचणारं माणूस लागतं. दोघं नवरा-बायको वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मूल आजारी जन्मण्याची, हे त्यांना समोर बसवून सांगणारं माणूस लागतं. आमच्याकडे ते माणूस मी आहे. तर 'इथं मोहीम आहे' हे माझं उत्तर माझ्याच टेबलावर टिकत नव्हतं.

ते कुठं तुटलं ते सांगते. नवापूर तालुक्यातल्या एका मंडळीत आम्ही गेलो होतो, मी आणि आमच्या मंडळीतले एक वडीलधारे पुढारी, ज्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. पत्र्याचं चर्च, लाईट गेलेली, त्यामुळं स्लाइड नाहीत, नुसतं तोंडी बोलले. शेवटी गीत सुरू झालं आणि अर्पणाची टोपली फिरली. दाराजवळ एक बाई उभी होती. तिच्याआधी मी तिच्या पोराला ओळखलं. नऊ-दहा वर्षांचा, डोळ्यांत पिवळेपणा, अंगकाठी सहा वर्षांच्या पोराची. त्याचं निदान माझंच. लाल कार्ड त्याचं, म्हणजे रुग्ण. तिचं आणि नवऱ्याचं पिवळं, म्हणजे दोघं वाहक. तिन्ही कार्डं ती रेशनकार्डासोबत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते आणि कुठंही गेली तरी ती पिशवी बरोबर असते. तेव्हाही होती.

म्हणाली, "ताई, सोमवारी घेऊन येऊ का याला? रात्रीपासून पाय दुखतायत."

म्हटलं, "सोमवारी कशाला, दुखणं वाढलं तर आजच आणा. मी आहे."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

"दुसरं कुणीतरी येईल की."

"कोण?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच नाव हवं होतं, म्हणजे खिडकीशी येऊन कुणाला हाक मारायची ते कळलं असतं. माझ्याकडे नाव नव्हतं. तिनं मान हलवली, टोपली समोर आली तशी पदराची गाठ सोडली, पन्नासची नोट काढली आणि टाकली. मला पाठवायला.

मी जिभाऊंना बाजूला घेतलं. म्हटलं, हिचे पैसे परत द्या, काहीतरी कारण सांगून द्या. ते म्हणाले, "तिनी तुले दिधं का? देवले दिधं. तू कोन परत देनारी?" येताना जीपमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. आजही त्यांचं म्हणणं कधी पटतं, तर कधी वाटतं, देवाचं नाव घेतलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पोराला सोमवारी आणलंच. हिमोग्लोबिन पाचावर आलेलं, पाय आखडून घेतलेले, हात लावू देईना. सलाईन, दुखण्याचं औषध, रक्ताची बाटली नंदुरबारहून. चार दिवसांनी चालत घरी गेला. जाताना त्याच्या आईनं लॅबच्या खिडकीत डोकावून बघितलं. मी आहे का ते बघितलं असावं, किंवा दुसरं कुणी आलंय का ते. मी विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या साक्षीतून, म्हणजे मंडळ्यांपुढं मी जे बोलते त्यातून, ते आकडे गेले. पूर्वी मी धाकट्या मुलींना सांगायचे की पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं असेल तर मनाला शांती मिळते. शांती नसेल तर थांबा. आता मला शांती नाही आणि मी थांबतही नाहीये. त्या मुलींनी मला धरलं तर काय सांगू? शांतीचं ते सूत्र चुकीचं होतं असं म्हणवत नाही, आणि ते माझ्यावर लागू करायलाही धजत नाही.

काही जण माझी बाजू घेऊन म्हणतात, स्वीडनहून माणसं खान्देशात आली तेव्हा स्वीडनमध्ये काय कमी होतं? त्यांनी असाच विचार केला असता तर नंदुरबार-धुळ्याकडं दवाखाने आणि शाळा झाल्या असत्या का? मीही हे वापरलंय. पण पूर्ण पटत नाही. ते इंग्रजांच्या राज्यात आले, गोऱ्या कातडीनं आले, त्यांच्या मागं श्रीमंत देश होता. माझ्या मागं जीपचं भाडं वर्गणीतून देणारी मंडळी आहे. आणि स्वीडनमध्ये तेव्हा कुणाच्या आईनं लॅबच्या खिडकीत डोकावलं होतं का, ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

मग जातेसच कशाला? कारण मला जायचंय. हे वाक्य मंडळीत बोलता येत नाही. तिथं त्याग लागतो. त्याग वगैरे नाही हो. इथल्या पोरांचं रक्त वाचत वाचत मला कळत गेलं की हाच आजार तिकडं जास्त कठोर असतो, आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं म्हणून ते थोडं सावरतं. ते तिकडचं मला बघायचंय, शिकायचंय, तिथल्या टेबलावर बसायचंय. यात देवाचा हात किती आणि माझी हौस किती, हे वेगळं काढणारी चाचणी माझ्या लॅबमध्ये नाही.

तयारी चालू आहे. पीतज्वराची लस मुंबईला जाऊन घेतली, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, लस घेतल्याची पिवळी पुस्तिका मिळाली. चाड मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतो, त्याचीही लस झाली. संध्याकाळी मोबाईलवर फ्रेंचचा क्लास, रेंज गेली की गच्चीवर. अरबी तिथं गेल्यावर. नाना पासपोर्टच्या पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदाराला चहा देऊन म्हणाले, "पोरगी आफ्रिकेत चाललीय, नोकरीला." नोकरी म्हणाले, सेवा नाही. मी दुरुस्त केलं नाही.

माझ्या जागेची जाहिरात अजून लागलेली आहे. दोघं आले होते; एकाला नाशिकच हवं होतं, दुसऱ्याचं पगारावरून जमलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी मला विचारण्याआधी एक करा. ओळखीत डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेलं कुणी असेल, मुलगा किंवा मुलगी, तर हॉस्पिटलला कळवा. पगार कमी आहे, क्वार्टर मिळतं, पावसाळ्यात लाईट जाते. इलेक्ट्रोफोरेसिस येत नसेल तरी चालेल, निघेपर्यंत मी शिकवीन.