तुम्ही विचारलंत म्हणून: दोष रुळाचा नव्हताच

बागेतली मॉडेल रेल्वे बघायला आलेला माणूस दोनेक मिनिटं कौतुकाने गाडी बघतो आणि मग हमखास विचारतो, हे रूळ बारा महिने उन्हापावसात उघडे पडलेले, मग साफ कसे ठेवता, रोज घासता की काय? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. रोज नाही घासत. आधी घासायचो, आणि तिथेच चुकत होतो.

माझा ट्रॅक ४५ मिलिमीटर गेजचा (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), पितळेचा. एलजीबी या जर्मन मॉडेल रेल्वे ब्रँडने १९६८ मध्ये बागेत चालतील अशा मोठ्या गाड्या आणल्या, तेव्हापासून हे गेज चांगलंच रुळलंय. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, एक रूळ प्लस एक मायनस, आणि चाक रुळाला टेकतं ती जागा म्हणजे जेमतेम एक ठिपका. म्हणजे मला साफ हवी ती फक्त रुळाच्या माथ्यावरची बारीक पट्टी. बाजू काळ्या पडल्या तर पडू देत, उलट खऱ्या रुळांसारख्या दिसतात. पितळ उघड्यावर काळवंडतं आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही, भानगड एवढीच आहे. पण मला ते कळायला वेळ लागला. मी आपला गाडी अडखळली की काढ पॉलिश पेपर आणि घास, असं करून रूळ सोन्यासारखे चमकवले, आणि चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त घाण! कारण जाड पेपरने माथ्यावर बारीक चरे पडतात आणि तेल, धूळ, काजळी त्या चऱ्यांत जाऊन बसते. मग कुणाचं तरी ऐकून स्टील वूल वापरली, ती तर चुकूनही वापरू नका, तिचे तुटलेले तंतू मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात, माझं एक इंजिन पूर्ण खोलावं लागलं आणि चिमट्याने एकेक तंतू वेचत बसलो.

आता घासायचंच झालं तर स्वयंपाकघरातली ती हिरवी घासणी, लांब दांड्याच्या ठोकळ्याला लावलेली, म्हणजे कंबर मोडत नाही. हलक्या हाताने एक फेरी, नंतर कोरडं फडकं. बस.

पण मुद्दा वेगळाच आहे. एवढं घासूनही गाडी दरवेळी त्याच लांबच्या वळणावर मरायची. शेवटी वैतागून व्होल्ट मोजायचा मीटर लावला, गाडी चालू ठेवून (हे महत्त्वाचं, रिकाम्या ट्रॅकवर सगळीकडे छानच आकडा दिसतो). वायर जोडली तिथे १८ व्होल्ट आणि त्या वळणावर ११! रूळ तर आरशासारखा. मग एकेका जोडावर मीटर टेकवत गेलो तेव्हा दिसलं की दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांच्या आत माती, ओल आणि काळा थर, तीन जोड तर जवळजवळ मेलेले. म्हणजे इतके महिने मी घासत होतो रूळ आणि दुखणं होतं जोडात. त्या पट्ट्या काढून साफ केल्या, प्रत्येक जोडावरून वायरचा छोटा ढिला तुकडा सोल्डर केला. ढिला मुद्दाम, कारण दहा मीटर पितळ ३० अंशांनी तापलं की साधारण ५-६ मिलिमीटर लांबतं, ताठ वायर असेल तर तुटणारच. त्यानंतर घासणं निम्म्याहून कमी झालं, खरंच.

दुसरी चोर म्हणजे चाकं. डब्यांना प्लास्टिकची चाकं असतील तर ती घाण उचलतात आणि पुढे सगळ्या ट्रॅकवर सारवत जातात. धातूची बसवा, आणि रूळ पुसलेत त्या दिवशी चाकंही पुसा, नाहीतर पहिल्या फेरीतच सगळं परत रुळावर.

काळी घाण येते कुठून? बरीचशी ठिणग्यांतून. चाक आणि रुळाचा संपर्क क्षणभर सुटला की बारीक ठिणगी उडते आणि काळा डाग ठेवून जाते. म्हणून मी शेवटचा हात स्पिरिटचा मारत नाही, रॉकेलचा मारतो, फडक्याला जेमतेम ओल. स्पिरिटने चिकटपणा छान निघतो पण अनुभव असा की काळेपणा लवकर परततो. मात्र कुठलंही द्रव असो, आधी स्लीपरच्या (रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या ठोकळ्याच्या) एका कोपऱ्यावर लावून बघा, काही थिनर प्लास्टिक चक्क खातात. आणि ओलं असताना गाडी सोडू नका, चाकं घसरतात.

खडीकडेही लक्ष हवं. मी पूर्वी गोल गोटे टाकले होते, ते दिसायला सुंदर पण एका जागी राहतच नाहीत. कोन असलेली बारीक खडी एकमेकींत अडकून बसते, आणि ती स्लीपरच्या वरच्या कडेपर्यंत भरली की पावसाची माती उडून रुळावर येणंही कमी होतं. फक्त पॉइंटच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळते त्या सांध्याच्या, हलत्या पात्याजवळ खडी कमी ठेवा, एक कण अडकला तरी गाडी उतरते.

एवढं सगळं नको असेल तर सरळ डब्यात बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल, मग रूळ काळा असो की पिवळा. स्टेनलेसचे रूळही येतात, ते काळवंडत नाहीत, पण वीज वाहायला पितळेच्या साधारण दहापट अडथळा, त्यामुळे जास्त ठिकाणी वायर द्यावी लागते. मी पितळावरच आहे. नियमित गाडी चालवणं हीच निम्मी सफाई, चाकंच माथा घासत राहतात, आठवडाभर बंद ठेवली की मात्र रुसते.

पानं आणि चीक तर रोजचेच, त्यासाठी कुंचा पुरतो. राहिल्या गोगलगायी. त्यांच्यावरून चाक गेलं की चढावर इंजिन जागच्या जागी फिरत राहतं, म्हणून पहिल्या फेरीआधी ट्रॅकभर एक चक्कर मारतो आणि दिसतील तेवढ्या उचलून पलीकडे ठेवतो. संध्याकाळपर्यंत अर्ध्या परत आलेल्या असतात.