नळ बंद केला की आवाजही बंद व्हायचा

पहिला आवाज आला तो न्हाणीघरात. बादली भरायला लावली होती आणि पाण्याच्या धारेतून कुणीतरी माझं नाव घेतलं. नळ बंद केला, सगळं शांत. पुन्हा सोडला, पुन्हा नाव. सात-आठ वेळा मी नळ उघडला नि मिटला. मग ओल्या हातांनी तशीच खाली बसून राहिले.

तेव्हा दिवसच फार वाईट चालले होते. अंथरुणातून उठणं जिवावर यायचं. डिप्रेशनची गोळी चालू होती. झोप कशी आहे, भूक लागते का, रडू येतं का, डॉक्टर सगळं विचारायच्या आणि मी सगळं सांगायचे. आवाजाचं तेवढं गिळून टाकायचे. आवाज फक्त स्किझोफ्रेनियात येतात अशी माझी पक्की समजूत होती, आणि ते नाव स्वतःला चिकटलेलं मला नको होतं. या लपवाछपवीत चार महिने गेले. आज मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती त्या चार महिन्यांची.

कारण आवाज तेवढ्यावर थांबला नाही. नावाची वाक्यं झाली, मग पाण्याचीही गरज उरली नाही. डाव्या खांद्याच्या मागून एक वयस्कर पुरुष सावकाश बोलायचा, "तुझ्यामुळे सगळ्यांचे हाल चाललेत." तो खरा की खोटा, असा प्रश्नच मला पडला नाही, कारण माझ्या मनात दिवसभर जे चालायचं तेच तो बोलत होता. हे बाहेरच्या माणसाला समजावणं फार अवघड आहे. लोक विचारतात, "भास आहे हे कळत नव्हतं का?" आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते उलट जास्तच पटतं.

एका संध्याकाळी ताईने मला पकडलं. "कुणाशी बोलतेस गं?" मी म्हटलं, "कुणाशी नाही." ती काही न बोलता शेजारी बसली. बऱ्याच वेळाने मीच म्हणाले, "ताई, तुला आत्ता काही ऐकू आलं का?" तिने एवढंच सांगितलं, "नाही गं, मला नाही आलं." वेडी आहेस का, असं तिने म्हटलं असतं तर पुढचं मी कधीच बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे सोबत आली. डॉक्टर दचकल्या नाहीत. आवाज एकच की अनेक, तुझ्याशी बोलतो की तुझ्याबद्दल, डोळा लागता लागता येतो की टक्क जागेपणी, असं शांतपणे विचारत गेल्या. मग म्हणाल्या, "काही करायला सांगतो का?" मी मान खाली घालून हो म्हटलं. जगू नकोस, असं तो दोनदा म्हणाला होता. त्याच दिवसापासून गोळ्या ताईच्या ताब्यात गेल्या आणि काही आठवडे मला एकटीला ठेवायचं नाही असं ठरलं. आवाज जीव द्यायला किंवा कुणाला इजा करायला सांगत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी सांगा.

मग त्यांनी विचारलं, "याच्या अगदी उलटे दिवस कधी आले होते?" आले होते. दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे मी रोज जेमतेम तीन तास झोपत होते आणि तरी थकत नव्हते. तेव्हाही कुणीतरी बोलायचं, पण गोड, "तुझी निवड झाली आहे." त्या दिवसांना मी आजार मानलंच नव्हतं, ते मला आयुष्यातले सर्वात चांगले दिवस वाटत होते.

थायरॉइडची तपासणी, मेंदूचा एमआरआय, सगळं झालं. निदान निघालं बायपोलर, म्हणजे मूड कधी टोकाचा खाली तर कधी टोकाचा वर जाण्याचा आजार. मेनिया (मूड अति वर जाणं) किंवा डिप्रेशन टोकाला गेलं की भास होऊ शकतात आणि बहुतेक वेळा ते मूडचीच भाषा बोलतात, हे मला तेव्हा कळलं. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काहींचा मूड एकदम वर उसळू शकतो, म्हणून माझं औषध बदललं. माझं न सांगणं किती महागात पडलं असतं ते तिथे लक्षात आलं.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली. झोप किती, मूड कसा, आवाज आला का. मूड ठीक असतानाही आवाज दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकले तर निदानाचा वेगळा विचार करावा लागतो, म्हणून ही नोंद. माझ्या वहीत मात्र दर वेळी आधी झोप ढासळलेली दिसायची, मग मूड, आणि आवाज सगळ्यात शेवटी.

मूड स्थिर ठेवणारं लिथियम आणि भास कमी करणारं ओलान्झापिन सुरू झालं. ओलान्झापिनने वजन वाढलं, सकाळी डोळे उघडेनात. लिथियमने हात थरथरायचे, सारखी तहान लागायची. रक्त तपासायचं ते शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. माझ्या रक्तातली लिथियमची पातळी लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलीमोलमध्ये ठेवतात. किडनी आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनानेच घ्यायची नाही, तिच्यामुळे लिथियमची पातळी वाढते. बरं वाटायला लागल्यावर लिथियम एकदम सोडून द्यायची चूक मी एकदा केली. पाचव्या आठवड्यात माझी झोप उडाली होती.

आवाज एका रात्रीत गेला नाही. आधी वाक्यं तुटली, शब्द उरले, मग भिंतीपलीकडे कुणी पुटपुटतंय असं वाटायचं. मोठ्याने वाचलं किंवा गुणगुणलं की तो मागे सरायचा. पूर्ण गेला तेव्हा चार-पाच दिवस मला चक्क एकटं वाटलं, आणि हेही मी डॉक्टरांना सांगितलं.

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन रात्री झोप नीट झाली नाही. तिसऱ्या सकाळी बादली भरताना माझं नाव ऐकू आलं. नळ बंद केला, ताईला हाक मारली, "ताई, तू बोलावलंस का?" "नाही गं." वहीत वेळ लिहिली आणि दहाच्या आत डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीचा डोस आठ दिवसांसाठी वाढवला.