तीन सेकंद

रविवार, रात्री पावणेअकरा

आज पहाटे माझ्या हातून जे घडले ते अजून कुणाला सांगितलेले नाही. घरात निजानीज झाली आहे, म्हणून येथे लिहून ठेवते.

गेले चार महिने मुलगा रोज पहाटे साडेचारला उठून सडकेवर पळायला जातो. सैन्यभरतीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला आहे, आता पुढच्या महिन्यात ग्राउंड, म्हणजे शारीरिक चाचणी आहे. देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचे अंतर त्याने आणि त्याच्या मित्राने टेप धरून मोजलेले आहे. ते चारशे मीटर भरते, म्हणजे दोनदा जाऊन आले की सोळाशे होतात. हे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण 60 गुण मिळतात, त्यानंतर टप्प्याटप्प्याने गुण खाली येतात. वेळ लावणारा मित्र तापाने पडला आहे, म्हणून आज मोबाईल घेऊन देवळापाशी मी उभी राहिले.

शेवटच्या फेरीत तो अंधारातून आधी ऐकू आला आणि मग दिसला. चुन्याची रेघ त्याने ओलांडली तेव्हा माझा अंगठा स्टॉपवॉचवरच होता, पण दाबला गेला नाही. मुलगा वेगाच्या भरात चार पावले पुढे गेला, वळला, आणि मग मी दाबले. पाच मिनिटे तेहेतीस सेकंद. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकून उभा राहिला, कपाळावरचा घाम टपटप चुन्यावर पडत होता. "तीनच सेकंद जास्त झाले, आई. निघतील," एवढेच तो म्हणाला. ते तीन सेकंद त्याचे नव्हते, माझे होते.

मी काही फौजेला अनोळखी घरातली नव्हे. माझे माहेर अपशिंगे मिलिटरीच्या शेजारचे. त्या एका गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचे स्मारक गावात आहे आणि गावाच्या नावातच मिलिटरी आहे. आमच्या लहानपणी एसटीच्या टपावर काळी पत्र्याची ट्रंक दिसली की गल्लीतल्या बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहत. कुणाचा माणूस सुट्टीवर आला ते ट्रंकेवरच्या पांढऱ्या अक्षरांवरून कळत असे. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, 1971 च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते. त्या दिवसांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. ताटात अन्न टाकलेले मात्र त्यांना अखेरपर्यंत खपले नाही. त्यांची ट्रंक आजही माळ्यावर आहे. तिच्यात आम्ही बेंदराच्या झुली आणि जुनी गोधडी ठेवतो, आणि मुलगा लहानपणी तिच्यावर बसून अभ्यास करीत असे. त्याने हे वेड बाहेरून आणलेले नाही, हे मला कळते.

मग मला अडवते ते काय? दिवसभर भाकरी थापताना, निवडताना, धुताना हाच प्रश्न मी स्वतःला विचारीत होते. घरात मी बोलून दाखवते ते चार वर्षांचे कारण. 14 जून 2022 रोजी चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक घरात या आकड्यांची उजळणी झालेली आहे. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 21 हजार हातात. चौथ्या वर्षी 40 हजार, त्यातले 28 हजार हातात. कापलेल्या रकमेत सरकार तेवढीच भर घालणार आणि बाहेर पडताना सेवा निधी म्हणून दहा लाखांच्या वर रक्कम मिळणार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे कायम ठेवणार. सासऱ्यांच्या माघारी सासूबाईंना आजही दर महिन्याला कौटुंबिक पेन्शन येते. त्यांची औषधे त्यातून येतात आणि नातवाचे पळायचे बूटही त्यांनी त्यातूनच घेऊन दिले. ज्या नोकरीने माणूस गेल्यावरही घर सांभाळले, तिच्याच नावाखाली माझा मुलगा जेमतेम बाविशीत पदवीशिवाय परत घरी यावा, हे मला पटत नाही. हे मत मी भीतीपोटी बनवलेले नाही, ते मी शांत डोक्याने बनवले आहे आणि आजही त्यावर ठाम आहे.

म्हणूनच मी त्याला खडकवासल्याच्या एनडीएचे, लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचे, सांगून पाहिले. तिथल्या परीक्षेला अजून वय आहे, बारावी होऊ दे, वर्षभर गणित घासून अभ्यास कर, जायचेच असेल तर अधिकारी होऊन जा. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आज्जा कुठं अधिकारी होता, आई?" त्या आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता. माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मी सासऱ्यांना त्यांच्या हुद्द्यावरून कधीच मोजले नव्हते, आणि ते त्याने माझ्याकडे पाहतच शिकलेले आहे.

पण चार वर्षांचा हिशेब खरा असला तरी आज पहाटे माझा अंगठा त्या हिशेबाने थांबवलेला नाही. ती पूर्ण भीती होती. उद्या ही योजना मागे घेतली, पुन्हा पहिल्यासारखी नोकरी आणि पेन्शन सुरू केली, तरी मी तिथे तसेच उशिरा दाबले असते. रात्री-अपरात्री फोन वाजेल आणि पलीकडचा माणूस आधी घरात दुसरे कोण आहे ते विचारील, एवढेच दृश्य मला दिसते, त्याच्या पुढचे मी पाहू शकत नाही. ही भीती मी आजवर पैशांच्या आकड्यांखाली झाकून त्याच्याशी वाद घालत आले. तो बिचारा दर वेळी आकड्यांची उत्तरे शोधून आणतो, चार वर्षांनी परतणाऱ्यांना पोलीस भरतीत मिळणाऱ्या सवलतींच्या बातम्या दाखवतो, आणि मी दुसरा आकडा पुढे करते.

त्याला सतरा वर्षे आठ महिने झाले आहेत. अठरा पूर्ण नसल्यामुळे भरतीच्या कागदांवर पालकांची संमती लागते. यांनी सही करायची तयारी लगेच दाखवली होती, तर तो म्हणाला, "आधी आईची." आणखी चार महिन्यांनी त्याला माझ्या सहीची गरज उरणार नाही. तो कागद आठ दिवसांपासून देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली आहे. त्याने एकदाही आठवण केलेली नाही. येता-जाता फळीकडे नजर टाकतो, एवढेच.

मघाशी झोपण्यापूर्वी तो ओट्यापाशी आला, उद्यासाठी मूठभर हरभरे भिजत घातले, पेल्यावर ताटली ठेवली आणि म्हणाला, "त्याचा ताप उतरला नाही, उद्या पण येशील?" मी हो म्हणाले. तेव्हाच सांगून टाकायला हवे होते, तोंडापर्यंत आलेही होते, पण तो जांभई देत आत गेला.

सहीचे अजून ठरत नाही, आणि ती केवळ पहाटेच्या अपराधापोटी करणार नाही. तो माझ्या विरोधात जाईल तर तो माझ्या खऱ्या कारणाच्या विरोधात जावा, एवढे मात्र त्याला मिळायला हवे. उद्या तो पळायला लागण्यापूर्वी, देवळाच्या पायरीवर बूट बांधत असताना, त्या तीन सेकंदांचे सांगणार आहे. गजर सव्वाचारचा लावला आहे.