आजोबांची जन्मनोंद: तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या दोन फेऱ्या

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तहसील कार्यालय. नोंद हवी १९२५ च्या आसपासची. पहिली फेरी फुकट गेली, दुसऱ्या फेरीत नक्कल मिळाली. मधल्या काळात बदलला तो फक्त अर्ज.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी खेड्यातल्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात होत. ही जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायची. तलाठ्याकडे नुसतं 'चौदा नंबर' मागू नका. आजच्या क्रमात चौदावा नमुना गावच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे, तोच पुढ्यात येईल. 'जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक' असंच म्हणायचं.

पहिल्या अर्जात मुलाचं नाव ठळक लिहिलं होतं. उपयोग शून्य. जन्माची खबर बारशाआधीच चावडीवर जाई, त्यामुळे बाळाचं नाव बहुधा नसतंच, आणि आडनावही क्वचितच. पानावर दिसतं ते एवढंच: 'तुका बिन रामा, मुलगा', म्हणजे रामाच्या तुकाला मुलगा झाला. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. तेव्हा अर्जात मौजे (म्हणजे गाव), बापाचं नाव, आजाचं नाव आणि चार-पाच वर्षांचा पट्टा द्या. एका गावात दोन तुका निघतातच. म्हणून जमिनीचा वारस फेरफार (गाव नमुना ६) आधी काढून न्या. त्यात वारसांची नावं सापडतात, पुष्कळदा मृत्यूची तारीखही. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून वर्षाचा अंदाज येतो, पण जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते गाव. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे थोरल्या मुलाची नोंद आजोळच्या बुकात. या शोधातही तसंच निघालं. आजोबांच्या आईचं माहेर घरात कुणाला ठाऊक नसेल तर आधी ते विचारत फिरा, तहसील नंतर.

तालुका फुटला असेल तर जुन्या तालुक्यातही बघा. दोडामार्गचं गाव असेल तर सावंतवाडी. मराठवाड्यात फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष भेटतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन, महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक.

सकाळी कचेरी उघडताच पोचा. जवळ ओळखपत्राची झेरॉक्स, कोर्ट फीची दोन-तीन जादा तिकिटं आणि जुनी मोडी लिपी वाचणारा माणूस असू द्या. गठ्ठे गाववार बांधलेले असले तरी आतली वर्षं उलटसुलट असतात. वाळवी लागलेलं पान स्वतः उलटू नका, तुकडाच हातात येतो.

नाहीच मिळालं, तर 'शोध घेतला, आढळ होत नाही' असं लेखी घ्या, कोणत्या वर्षांची बुकं पाहिली त्याच्या उल्लेखासह. तोंडी 'नाही' म्हणजे कित्येकदा गठ्ठा सोडलाच नाही. लेखी मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, पानाला २ रुपये.

नक्कल हाती आली की खिडकीशीच तपासा: गाव, वर्ष, पान क्रमांक, 'खरी नक्कल' शेरा, गोल शिक्का, सही. मोडी पानाची झेरॉक्स घेतलीत तर लिप्यंतर जाणकाराकडून सही-तारखेसह करून घ्या. आमच्या नक्कलेवर शिक्काच राहिला होता.