वडकी नाल्यावरचा प्रश्न

"मुतायला कव्हा गेल्तीस गं माय?"

आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या एका आजींनी चारचौघींत मला हे विचारलं, तेव्हा मी लाजले आणि खोटं बोलले. "मघाशीच," म्हणाले. १४ जून २०२३ ची ती दुपार. ज्येष्ठ वद्य एकादशी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघालेली आणि वडकी नाल्यावर विसावलेली. खरं उत्तर होतं, पहाटे साडेतीनला, अंधारात. मध्ये अकरा तास गेले होते.

माझी ती पहिली वारी. पुणे ते सासवड हा सगळ्या वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा, आणि त्यात दिवे घाट. त्यातून एकादशी, म्हणजे पोटात साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि एक राजगिऱ्याचा लाडू. त्या वर्षी पाऊसही लांबलेला. आकाशात ढग नव्हता आणि डांबरी रस्ता खालून भाजत होता.

पाणी नव्हतं असं मात्र नाही. हडपसरपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पाणी, ताक, सरबत घेऊन उभे होते, हात जोडून "माउली, घ्या" म्हणत होते. मी नमस्कार करून पुढे जात होते. घोटभर घेतलंच तर तोंड ओलं करण्यापुरतं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि लाखांच्या गर्दीत बाईनं जायचं कुठे? फिरती शौचालयं होती, पण तिथली रांग बघून वाटायचं, दिंडी पुढे निघून जाईल.

हा हिशेब मी वारीत शिकले नव्हते. बावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे आणि पहिल्या वर्षापासून हा हिशेब करते आहे. सकाळी निघताना अर्धा कप चहा, मधल्या सुट्टीत दोन घोट, मग थेट घरी आल्यावर तांब्याभर. आमच्याकडचं शौचालय वापरण्यासारखं नसायचं, म्हणून अंगाला ही सवय लावून घेतली. दुपारी तीनला डोकं दुखायचं, ते मी चष्म्याच्या नंबरावर घालायचे. लघवीला जळजळ व्हायची, ती उष्णतेवर. सब्जा घालून दूध प्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तर, वडकी नाला. आजूबाजूचे वारकरी बसल्या जागी आडवे झालेले. आजींनीही पडशी पायाखाली घेतली होती, उशाला नव्हे. मी मात्र उभी राहून मस्तानी तलावाच्या दिशेने फोटो काढत होते. हडपसरपासून कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटत होतं. बोटातली अंगठी रुतत होती. एक साधी मुलगी माझा टाळ मागायला आली, तर तिच्यावर खेकसले. वारीत, माउली म्हणायच्या जागी! तेव्हा मला त्याची फक्त लाज वाटली. ती चिडचिडही शरीराचंच बोलणं होतं, हे कळलं नाही.

घाटाला लागलो. पालखीच्या रथाला इथे जादा बैलजोड्या जोडतात, कारण एका जोडीला तो चढ झेपत नाही. वळणावरून खाली पाहिलं तर पांढऱ्या टोप्यांची, पताकांची नदी वर चढत येत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला वाटलं, हाच तो भाव, ज्यासाठी लोक वर्षानुवर्षं येतात. डोळे भरून आले.

पण काटा जाईना. तशा रणरणत्या उन्हात दंडावरचे केस उभे आणि कातडी गार, चिकट. मग लहानपणापासून पाठ असलेल्या अभंगाचं पुढचं कडवं आठवेना. टाळ एका बाजूला आणि मी दुसऱ्या. उजव्या पोटरीत गोळा आला आणि मी कठड्याला धरून खाली बसले.

आजी मागेच होत्या. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला, कपाळाला हात लावला आणि आधी पदर सैल केला. दोघी जणींनी धुतलेलं लुगडं ताणून माझ्यावर सावली धरली. ओलं उपरणं मानेवर. एका आरोग्यसेवकाकडून जलसंजीवनीचं पाकीट आलं. मी ते अर्ध्या बाटलीत ओतायला निघाले, तर तो मुलगा म्हणाला, "मावशी, एका पाकिटाला एक लिटर. कमी पाण्यात नको." मी तेवढ्यातही विचारलं, आज एकादशी, यात साधं मीठ असेल ना? आजी म्हणाल्या, "इठ्ठल मीठ मोजत बसलाय व्हय? पी. घोट घोट पी, घटाघटा नगं."

दर दोन-तीन मिनिटांनी घोट, असं अर्धा-पाऊण तास. आमची दिंडी पुढे गेली, मागच्या किती गेल्या ते मोजलं नाही. आजी शेजारी बसून राहिल्या. डोकं हलकं झालं तेव्हा त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी मी खरं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "पानी पेलं की जावं लागतंय, म्हून पीत नाईस. मला काय कळंना का? मीबी सून व्हते की." इतकंच बोलल्या. मग चौघींना हाक मारून, लुगड्याचा आडोसा करून मला रस्त्याच्या कडेला नेलं. लघवी मोहरीच्या तेलाच्या रंगाची आणि जेमतेम ओंजळभर होती.

सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, तो माझ्या पथ्यावर पडला. तिथल्या वैद्यकीय पथकातल्या डॉक्टर बाईंनी नीट समजावून सांगितलं. रक्त किंचित घट्ट झालं की मेंदू दोन कामं करतो. तहान लावतो आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो. तहानेकडे दुर्लक्ष केलं तरी दुसरं काम चालू राहतं, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. म्हणजे शरीर गप्प बसलेलं नसतं, रंगातून सांगत असतं. घामातून मीठही जातं, त्यामुळे दिवसभर घाम गाळून नुसतं पाणीच पोटात ओतत राहणंही घातक. आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी, म्हणून जलसंजीवनीत दोन्ही असतात. पाकीट नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. वय वाढतं तशी तहान मंदावते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारत बसू नका, पेला हातात द्या. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, उलट्या थांबेनात, अंग तापून निघालं, तर घरचे उपाय करत न बसता १०८ ला फोन करा.

काटा कशामुळे आला तेही मी विचारलं. उन्हाने अंग थकायला लागलं की येतो, म्हणाल्या. मला थोडं वाईट वाटलं. मी आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भाव बी असंल की. दोन्ही असत्यात."

पुढच्या वाटेवर मी आजींकडे बघून चालले. विसाव्याला त्या फोटो, गप्पा, हिशेब काही करत नसत. टेकलं की पाय पडशीवर, डोळे मिटलेले, पंधरा मिनिटं. तुतारी झाली की उठून चूळ भरायची, पेलाभर पाणी प्यायचं, आणि निघण्याआधी "चला गं पोरींनो" म्हणून सगळ्यांना आडोशाला न्यायचं. लोणंद, फलटण, नातेपुते, वाखरी, रोज हेच. थकलो म्हणून विसावा घ्यायचा नसतो, विसाव्याची जागा आली म्हणून घ्यायचा असतो. इतक्या पिढ्यांच्या पायांनी ही वेळ बांधून दिली आहे आणि मी ती फोटो काढायला वापरत होते.

शाळेत परतल्यावर नववीच्या मुलींना विचारलं, घरून आणलेली बाटली कोण संपवतं? खाली मान घातलेल्या त्या रांगा मी विसरणार नाही. त्यांची कारणं माझीच होती. दाराला कडी नाही. बादली फुटकी. मुलं बाहेर उभी असतात. केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली, हे मी वाचलं होतं आणि तीच सुरू करावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी अडून बसले. आधी कडी. कडी नसताना घंटा वाजवली तर मुली घोट घेतल्यासारखं करतील आणि बाटली झाडात ओततील. मी स्वतः तेच केलं असतं.

दोन कड्या, दोन बादल्या, एक नळ आणि आतल्या बाजूला पिशवी अडकवायला खिळा. खिळा मुलींनी मागितला, मला सुचला नव्हता. महिना गेला त्यात. घंटा त्यानंतर. आता सव्वाअकराला आणि अडीचला वाजते, आणि घंटेनंतर पाच मिनिटं कुठल्याही मुलीला वर्गाबाहेर जायला परवानगी मागावी लागत नाही. तीन वाजताची माझी डोकेदुखी पुढच्या दिवाळीपर्यंत गेली होती. चष्म्याचा नंबर तोच आहे.

आजींचा अधूनमधून फोन येतो, नातू लावून देतो. खुशाली, पेरणी, गुडघे हे सगळं मागून.

"पानी पेलीस का?"

"हो आजी."

"आन् दुसरं?"

"तेही. आत्ताच जाऊन आले."

"मंग बोल आता."