किल्ला नक्की कुणाचा?

सहामाही संपली की पुण्यातल्या पोरांना किल्ल्याचं वेड लागतं. हल्ली ते आधी आईबाबांना लागतं. आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीला पालकांचा ‘किल्ला’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, वर्गणी ठरली आणि एका बाबांनी राजगडाचा नकाशाच छापून आणला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे, तेव्हा ‘यंदा राजगडच’ हे ओघानं आलं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या प्रमाणात हव्यात, असा हुकूम सुटला. मुलं? मुलं पाण्याच्या बादल्या भरून आणत होती.

पार्किंगच्या मागे दुसरा किल्ला चालला होता. त्याला कमिटी नव्हती. कुणाच्या तरी बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेल्या विटा, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल. मोहरी कुणीतरी आईच्या मिसळणाच्या डब्यातून उचललेली. पेरलीही आदल्या दिवशी, त्यामुळे डोंगराला टक्कल. मावळे दरवाज्यापेक्षा उंच. दरवाजा मोठा करायचा की मावळ्यांना तटावरच ठेवायचं, यावर अर्धा तास भांडण, एक कट्टी आणि एक बट्टी. पायथ्याशी हिरवा डायनोसॉर. मी म्हटलं, ‘‘अरे, हा महाराजांच्या काळात कुठला?’’ उत्तर आलं, ‘‘काका, तो पहाऱ्याला आहे.’’ यावर काय बोलणार!

स्पर्धेत बक्षीस अर्थातच राजगडाला मिळालं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुलांना मोकाट सोडा. तेही मला पटत नाही. मोकळं सोडलेलं मूल आज अंगणात जात नाही, सोफ्यावर मोबाइल घेऊन आडवं होतं. तिथे पुढचा व्हिडिओ कुठला, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. ‘आमच्या वेळी आम्हाला कुणी विचारत नव्हतं’ हेही अर्धसत्यच. दुपारी उन्हात जायला बंदी होती, शुद्धलेखनाची पानं होती, दिवेलागणीला हाकही यायची. मधल्या वेळात मात्र मोठ्यांना त्यांची कामं होती. ते आमच्या खेळात शिरले नाहीत, याचं बरंचसं श्रेय त्या कामांना.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, ३१ व्या कलमात, विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्याकडे मे महिना उजाडला की त्या हक्काचंही वेळापत्रक लागतं: सकाळी स्केटिंग, दुपारी अबॅकस, संध्याकाळी चित्रकला. पोहणं शिकवावं, त्याबद्दल वाद नाही. ते आपापलं शिकायला सोडता येत नाही. पण ‘कंटाळा आला’ एवढं कानावर पडताच नव्या क्लासची फी भरणारे पालक पाहिले की वाटतं, पोराला तासभर कंटाळू तरी द्या!

यंदा आमच्या खालच्या मजल्यावर फरशीचं काम निघालंय. विटांचा ढीग दिवाळीपर्यंत हलवू नका, असं मी कॉन्ट्रॅक्टरला सांगून ठेवलंय. सेक्रेटरी कुरकुरतायत. त्यांना मी बघून घेतो. आणि नकाशावाल्या बाबांना त्या आठवड्यात कुणीतरी गावाला पाठवा.